डमरूची मान

३ फेब्रुवारी
मेले! प्रबंधातला चौथा लेमा खोटा आहे, ज्या पायरीवर पुढचं सगळं उभं तीच.
पीएचडीची तोंडी परीक्षा, व्हायवा, अठराला. प्रबंध कधीच जमा झालाय, परीक्षकांनी 'उत्तम' म्हणून शेरेही पाठवलेत. आणि मला आज, शेवगावात घरी बसून उगाच पानं चाळताना, हे दिसावं!

४ फेब्रुवारी
पुन्हा तपासला. खोटाच.
स्वतःलाच नीट सांगून बघते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. एक पृष्ठ आहे, म्हणजे कागदाचं पान नव्हे, फुग्याच्या कातडीसारखं. त्यावर वाटा, प्रत्येक बिंदू आपापल्या वाटेवर. आता सगळी जागा थोडी ढवळायची. तरी एखादा बिंदू हलून पुन्हा आपल्याच वाटेवर पडतो का? पडतो — ढवळणं थोडं असेल तर. थोडं म्हणजे किती? काही वाटा फिरून स्वतःलाच मिळतात, त्यांतल्या सगळ्यात लहान वळशाहून कमी. मी मात्र एका पृष्ठाचं नाही, पृष्ठांच्या अख्ख्या रांगेचं सिद्ध केलंय. चौथा लेमा म्हणतो, त्या रांगेत लहानात लहान वळसासुद्धा एका मापाखाली जात नाही. पुरावा? एक ओळ — 'हे उघड आहे.'
काय डोंबल उघड आहे! डमरूसारखं पृष्ठ घ्या, मधली मान बारीक करत न्या. मानेभोवतीचा वळसा लहान होत होत शून्याकडे जातो, म्हणजे ढवळायला मुभाच उरत नाही. संपलं. माझी पाच वर्षं गेली.
आम्हा गणितवाल्यांची खोडच ही. अडलं की 'उघड आहे' लिहायचं, आणि वाचणाऱ्यानं लाजेपोटी विचारायचं नाही. मीही नाही विचारलं. लेमा माझ्या गाईडचा, म्हणजे सत्यशीला मॅडमचा, त्यांच्या जुन्या प्रबंधातला. त्यावर कसली शंका घ्यायची!

७ फेब्रुवारी
अब्बा अठराला गाद्यांचं दुकान बंद ठेवणार. व्हायवाला नगरला जायला तुफान गाडी सांगितलीय. शेजारच्या झुंबरमावशीपण येणार — "मला त्यातलं काय बी कळत न्हाई, पर टाळ्या लई वाजवीन!" मी हसले. मग मोरीत जाऊन रडले.
फक्त आकिबला सांगितलं. भाऊच तो, म्हणाला, "दीदी, गप बस ना. कुणाला कळणार हाय?"
त्याचीच तर भीती वाटते. कुणालाच कळणार नाही, आणि मी जन्मभर दचकत राहीन.

१० फेब्रुवारी
ताट तसंच परत जातंय. अम्मी म्हणते नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसकासुद्धा आला नाही कुणाला!

१२ फेब्रुवारी
मान एका मापाहून जाड धरली तर माझा निम्मा सिद्धान्त वाचतो. निम्माच! त्यावर पदवी देतील? की व्हायवा रद्द? अब्बांना कुठल्या तोंडानं सांगू?

१३ फेब्रुवारी
मॅडमना मेल केली. तीन ओळी, आणि डमरूचं चित्र. पाठवली एकदाची!

१४ फेब्रुवारी
उत्तर नाही.

१५ फेब्रुवारी
नाहीच. चिडल्या असतील. त्यांचं नाव, नोकरी, सगळं त्याच प्रबंधावर उभं. काय करून बसले मी!

१६ फेब्रुवारी
मॅडम स्वतःच आल्या, एसटीनं. चहाला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती मान मला अकरा वर्षांपूर्वीच दिसली होती, शिफा. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारेल."
मग म्हणाल्या, "अठराला फळ्यावर डमरू तूच काढ. माझ्यानं नाही व्हायचं."