बर्फावरच्या सामानाची वाटणी

मी, दिगंबर लक्ष्मण कापगते, वय एकसष्ट, मूळ गाव साकोली, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र सकाळचा चहा झाल्यावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तसे नाही असे ज्यांचे मत आहे त्यांनी ते माझ्या तोंडावर कधी सांगितलेले नाही, तेव्हा ते जमेस धरू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणी विचारलेलेही नाही.

लिहिण्याचे कारण असे की माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे आणि ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत करून टाकू. मी म्हणालो, जानेवारीत बर्फ असतो, फेब्रुवारीअखेर करा. त्यांनी मान्य केले. मात्र हाताने बर्फात भोक पाडायचे नाही आणि तलावावर एकट्याने जायचे नाही, अशा दोन अटी घातल्या. ऑपरेशननंतर थंडीत बसणे कायमचे बंद. म्हणजे मी वाचलो तरी हा जानेवारी शेवटचाच.

घर आणि बँक यांचे इंग्रजी मृत्युपत्र वकिलाने केले आहे. त्यात त्याने माझे मासेमारीचे सगळे सामान ‘इतर किरकोळ वस्तू’ असे म्हणून एका ओळीत उरकले आणि तासाचे पैसे घेतले. जे तिथे मावले नाही ते इथे लिहितो.

कलम १. इंग्रजीत लिहिल्याप्रमाणेच राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझा एकुलता मुलगा सिद्धेश, राहणार रेडमंड, वॉशिंग्टन, याला मिळावी. तो घर विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. तळघरात शैलजा बोरकर राहते. ती नागपूरची, इथल्या विद्यापीठात मातीवर संशोधन करते. तिचा प्रबंध पुरा होईपर्यंत तिला बाहेर काढू नये. ती फोनवर फार मोठ्याने बोलते आणि हळदीचे डाग पुसत नाही, पण गेली दोन वर्षे या घरात ‘काका, जेवलात का’ असे विचारणारी तीच एक आहे.

कलम २. माझी पत्नी कै. मालिनी हिचे दागिने सूनबाई रुचा हिला द्यावेत. मालिनीने हे मला दवाखान्यात सांगितले होते, म्हणून यात माझे औदार्य काही नाही.

कलम ३. आता सामान. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथले तलाव हिवाळ्यात गोठतात. बर्फ चार बोटांहून जाड झाला की लोक त्यावर चालत जातात, ऑगर नावाच्या मोठ्या गिरमिटाने भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि बसतात. बसणे हाच मुख्य भाग. मी साकोलीला तलावाकाठी वाढलो. आम्ही या देशात आलो तेव्हा सिद्धेश नऊ वर्षांचा होता. त्याला इथे मित्र नव्हते आणि मलाही नव्हते. त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका माणसाचे पाहून मी त्याला इंडियन लेकवर घेऊन गेलो.

तेव्हाचे सामान असे. हाताने फिरवायचा ऑगर, अडतीस डॉलर, तोही दुकान बंद होत होते म्हणून. दोन आखूड गळकाठ्या, प्रत्येकी नऊ डॉलर. लोणच्याच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या, एका हॉटेलच्या मागच्या दारातून फुकट. त्या उपड्या टाकल्या की बसायला, सुलट्या केल्या की मासे ठेवायला. भोकातला बर्फाचा चुरा काढायची पळी दुकानात सहा डॉलरला होती. मी ती घेतली नाही, घरातला पुऱ्या तळायचा झारा नेला. मालिनी म्हणाली, “तो झारा आता परत माझ्या कढईत यायचा नाही.” आणि तिने तो खरेच परत घेतला नाही. साठ डॉलरच्या आत दोन माणसे बर्फावर बसत होती. सिद्धेश बारावीला जाईपर्यंत एकही हिवाळा चुकला नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण ते वाचल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आमच्याकडे विचारले की आधी ‘नको’ म्हणायचे असते. समोरच्याने पुन्हा विचारायचे असते. दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा पानात पुरी पडते, आणि ती पडली नाही तर वाढणाऱ्याचे घर नीट नाही असे समजतात. आम्ही इथे आलो त्याच वर्षी सिद्धेश शेजाऱ्यांकडे वाढदिवसाला गेला. त्यांनी पिझ्झा विचारला. तो म्हणाला, नको. त्यांनी पुन्हा विचारलेच नाही. पोरगे उपाशी घरी आले आणि रडले. मग मालिनीने त्याला समोर बसवून शिकवले, “हे बघ, इथं नको म्हणजे नकोच असतं. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं, आणि कुणी नको म्हणालं तर पुन्हा विचारायचं नाही.” मीही मान हलवली.

तो शिकला. इतका चांगला शिकला की तेच पुढे माझ्यावर आले.

कलम ५. सिद्धेश रेडमंडला नोकरीला लागल्यावर, सन २००१च्या डिसेंबरात, त्याचा फोन आला. “बाबा, जानेवारीत येऊ का? आइस फिशिंगला? फ्लाइट्स बघतोय.”

मी म्हणालो, “कशाला एवढ्या लांब? तुझं काम असेल.”

“ओके बाबा. ॲज यू से.”

फोन ठेवल्यावर मालिनी म्हणाली, “अहो, ये म्हणायला तुमचं काय जातं?” मी म्हणालो, घरच्या माणसाला आमंत्रण देत नाहीत. पुढच्या आठवड्यात पार्सल आले. त्यात फ्लॅशर होता, म्हणजे बर्फाखाली मासा कुठे आहे ते दिव्यांनी दाखवणारे यंत्र. किंमत तीनशेच्या वर. सोबत कार्ड: हॅव फन, बाबा.

हा फ्लॅशर शैलजाला द्यावा. तिला त्यातले कळते. मला मासा कुठे आहे हे आधीच कळले तर बसायचे कशाला, हे कळत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच फोन, तेच ‘कशाला’, तेच ‘ओके’. या वेळी पेट्रोलवर चालणारा ऑगर आला, साडेतीनशेचा. तो अर्ध्या मिनिटात भोक पाडतो आणि आवाजाने सगळा तलाव जागा करतो. हाही शैलजाला. हा ऑगर राजेश आपटे याने एकदा मागून नेला होता आणि पाती बोथट करून परत आणला. विचारले तर म्हणाला, “दिगंबरराव, मुळातच बोथट असणार.” राजेश पुण्याचा, माझ्या ऑफिसातला, मासा खात नाही, पण तो कसा पकडावा याबद्दल त्याचे मत ठाम आहे. माझ्याबरोबर तलावावर येतो आणि हीटर लावून गाडीत बसतो. त्याला मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाला, म्हणून मी राजेशला साक्षीदार केले आहे.

कलम ६. सन २००३च्या ऑक्टोबरात मालिनी गेली. सिद्धेश आणि रुचा आले, दिवस होईपर्यंत राहिले, सगळे नीट केले. त्याबद्दल तक्रार नाही. जाताना विमानतळावर त्याने विचारले, “बाबा, जानेवारीत येऊ?”

मी म्हणालो, “आत्ताच तर रजा झाली तुझी. कशाला पुन्हा?”

घरात आता ‘ये म्हणा’ असे सांगणारे कोणी नव्हते. जानेवारीत शँटी आली. शँटी म्हणजे बर्फावर उभारायचा घडीचा तंबू, घसरगाडीसकट, पाचशे डॉलरचा. त्यात दोन खुर्च्या आहेत. सोबत गॅसची शेगडी, नव्वद डॉलर. दोन खुर्च्यांचा तंबू पाठवणाऱ्याला दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार असे वाटले, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलो आहे. त्या खुर्चीवरचे प्लास्टिक मी काढलेले नाही. राजेशला कधी गाडीत कंटाळा आला आणि तो आत डोकावला तर मी तिथे थर्मास ठेवतो. शैलजा आली तर बादलीवर बसते. ती समजूतदार आहे, कारण विचारत नाही.

शँटीचे काय करायचे ते शेवटी सांगतो.

कलम ७. सन २००५ला अंगभर घालायचा थंडीचा पोशाख आला, अडीचशेचा, एक्स्ट्रा लार्ज. त्यात आता माझ्यासारखे दोघे मावतील. मालिनी गेल्यापासून माझे वजन उतरत गेले आहे. ते फोनवर दिसत नाही, त्यासाठी यावे लागते. हा पोशाख माझा धाकटा भाऊ विक्रम, राहणार साकोली, याला बोटीने पाठवावा. तलावाला लागून असलेले आमचे शेत त्याने मला न विचारता विकले आणि नंतर फोन करून म्हणाला, “दादा, तू थोडाच परत येणार होतास?” तो पोशाख घालून बसावे लागेल अशी थंडी साकोलीत पडो, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या हिवाळ्यात पाण्याखाली सोडायचा कॅमेरा आला, चारशेचा. पेटी उघडलेली नाही. ती तशीच सिद्धेशला परत करावी. त्याने घरी बसून तलाव पाहावा.

एकूण खर्च मी एकदा कागदावर मांडला. दोन हजारांच्या जवळ जातो. पूर्वी साठ डॉलरांत दोघे बसत होतो, आता दोन हजारांत एकटा बसतो. दुकानदार माझा हेवा करतो. त्याला वाटते, माझा मुलगा लाखात एक आहे.

कलम ८. माझे जुने सामान, म्हणजे हाताचा ऑगर, दोन्ही गळकाठ्या, दोन्ही बादल्या आणि मालिनीचा झारा, सिद्धेशला मिळावे. एका बादलीच्या बुडावर त्याने दहाव्या वर्षी खिळ्याने मराठीत नाव कोरले आहे, तेव्हा ती कोणती हे विचारावे लागणार नाही. झारा गंजला आहे, पण तुटलेला नाही.

कलम ९, आणि शेवटचे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी वकिलाला विचारले, आधी वाचायला बंदी आहे का? तो म्हणाला, बंदी नाही, पण असे कोणी करत नाही. मी करत आहे.

सिद्धेशचे मराठी वाचन तिसरीत थांबले, म्हणून हे रुचाने मोठ्याने वाचावे. रुचा, हळू वाच आणि मध्ये कशाचेही इंग्रजी करू नकोस.

सिद्धेश, या डिसेंबरात तुझा फोन अजून आलेला नाही. आला तर मी पुन्हा ‘कशाला’ म्हणेन. तोंडाला तेवढेच येते, या वयात ते सुधारायचे नाही. तुझ्या आईने तुला जे शिकवले ते शेजाऱ्यांसाठी होते. ते तू घरात आणलेस, याचा मला राग आहे, आणि तो गेलेला नाही. म्हणून फोनवर विचारू नकोस. इथे लिहिले आहे तेच धर.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ये. काही आणू नकोस. मला भोक पाडायला मनाई आहे, ते तू हाताच्या ऑगरने पाडायचे. दुसऱ्या खुर्चीवरचे प्लास्टिकही तूच काढायचे. तू आलास तर शँटी तुझी. नाही आलास तर ती बर्फावर सोडून द्यावी, मार्चमध्ये तलाव तिची व्यवस्था करील, आणि कलम आठमधले सामान तुला पार्सलने येईल. मग ते पार्सल दारात एकट्याने उघडताना कसे वाटते, ते तुलाही कळेल.

मी हे वाचून पाहिले आहे. एकही ओळ खोडलेली नाही.

सही: दिगंबर लक्ष्मण कापगते

दिगंबररावांनी वरील सही आम्हा दोघांच्या देखत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. त्या वेळी त्यांची प्रकृती बरी होती आणि स्वभाव नेहमीसारखाच होता. ऑगरची पाती मुळातच बोथट होती, एवढे नमूद करावे.

साक्षीदार १: राजेश आपटे
साक्षीदार २: कांचन राजेश आपटे

डब्लिन, ओहायो. रविवार, १६ डिसेंबर २००७.

एक प्रत वकिलाकडे. एक प्रत सिद्धेशला, रेडमंडच्या पत्त्यावर, उद्या टपाल कचेरी उघडताच. शैलजा स्वतः टाकून येईल.