बायकांच्या वॉर्डाची कडी

सिस्टर, तुम्ही मला नर्सिंग शिकवत होतात आणि मी तुमच्यावर पाळत ठेवत होते. दुष्काळाच्या आधीचं ते वर्ष. तुमच्या गळ्यात क्रूस, मी केडगावच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि निघताना आईनं बजावलेलं की डोळे उघडे ठेव. ते मी जरा जास्तच उघडे ठेवले. रोज सकाळी दहाला तुम्ही बायकांच्या वॉर्डातून भेटायला आलेल्या पुरुषांना बाहेर काढायचात, आतून कडी लावायचात आणि अर्धा तास दार उघडायचा नाहीत. मला व्हरांड्याच्या पार टोकाला उभं करायचात. पुरुषांच्या वॉर्डाला असलं काही नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरूनच चालले. त्यात पोटाच्या ऑपरेशनला आलेल्या बायका चार दिवसांनी छातीच्या दुखण्यानं जायच्या. ऑपरेशननंतर तसा न्यूमोनिया पुरुषांनाही व्हायचा, पण ते बहुतेक बरे होऊन घरी जाताना दिसायचे. तुम्ही काहीतरी लपवताय, दुसरं काय?

बेलापूरकडची एक सून होती. ऑपरेशनचा तिसरा दिवस, अंगात कणकण. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. आदल्या संध्याकाळी जाताना मला सांगून गेलात, दहाला कडी लाव, तिला उशी पोटाशी धरून खोकायला लाव. कडी कशाला ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. उलट तिच्या सासऱ्यांना मुद्दाम आत बोलावून खाटेशी बसवलं. कडीआड जे काही चालतं त्यात मी नाही, याला एक साक्षीदार असावा म्हणून. म्हातारा भला, दिवसभर हलला नाही. ती तोंडाला पदर लावून पडलेली. मी खोक म्हटलं की डोळ्यांनीच त्यांच्याकडे दाखवायची. "मामंजींम्होरं कसं खोकू? बरी हाय मी." मी कागदावर तसंच लिहून टाकलं, बरी आहे. पलीकडे पुरुषांच्या वॉर्डात बाप्ये खाकरून खाकरून थुंकत होते आणि त्यांच्या बायका भांडी धरून उभ्या होत्या. ते मला ऐकू येत होतं, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा तिला धाप लागली होती. तुम्ही म्हाताऱ्याला बाहेर काढलंत, कडी लावलीत आणि पहिल्यांदाच मला आत ठेवलंत. तिला उठवून बसवलंत, पाठीवर थापट्या मारत म्हणालात, "खोक बाई, मोठ्यानं. छातीतला कफ सुटू दे. इथं कुणी सासरा नाही." तिला धीर यावा म्हणून अख्खा वॉर्ड खोकायला लागला. तिच्यात मात्र जोर उरला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

दार कुणी उघडं ठेवलं, असं तुम्ही विचारलंत. मी वॉर्ड झाडणाऱ्या आयाबाईंचं नाव सांगितलं. माझ्यादेखत तुम्ही त्यांना रागावलात, त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून दहाचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. ते विश्वासानं दिलंत की सगळं ओळखून, याचा छडा मला सबंध नोकरीत लागला नाही. मी कडी लावत राहिले, बायका खोकत राहिल्या, आणि छातीनं जाणाऱ्या हळूहळू कमी झालेल्या मी पाहिल्या.

हे पत्र तुम्ही हयात असतात तरी मी धाडलं नसतं. ती गेली असं कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही. सासऱ्यांना आत कुणी बसवलं ते आता ती कुणाला सांगणार नाही, एवढंच मनात आलं, आणि बरं वाटलं.