एकाच आधारावर दोन कामं

५ जानेवारी, सकाळ
संकल्प चार दिवस उशिरा करतोय, कारण घाईतले संकल्प टिकत नाहीत. तर संकल्प असा: मार्चच्या ड्रॅग रेससाठी गाडीचा मागचा पंख, ब्रेक आणि शेवटी गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटचा ब्रॅकेट मी स्वतः बनवणार. विकतचं काही नाही. इंजिन काय, कोणीही बसवतो. सरळ सुसाट सुटलेली गाडी जमिनीला चिकटून ठेवणं आणि वेळेत थांबवणं, हे डोक्याचं काम आहे.
चालवणार मेहुणा. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून बायकोनेच त्याला वाढवला. भाऊ कमी, मुलगा जास्त. तिने विचारलं, नाही थांबली तर? स्वभावच शंकेखोर.

१२ जानेवारी
पंख तयार. ॲल्युमिनियमचा पत्रा, डिकीच्या झाकणावर दोन खांब, त्यावर पंख. डावीकडे जरा उतरता आहे, पण हवेला इतकं बारीक कुठे दिसतंय. शेजारचा गॅरेजवाला डोकावून गेला. फळी कुठल्या भिंतीला लावायची, असं विचारलं. जळतो मेला.

१९ जानेवारी
आजपासून तत्त्व: वजन कमी. पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्कना भोकं पाडली. डावी तडकली. माल हलका, दुसरं काय. भंगारातल्या गाडीची काढून लावली. उजवीपेक्षा अंमळ जाड आहे.
बायको म्हणाली, वजनच कमी करायचंय तर स्वतःपासून सुरुवात करा. मी गाडीत बसणारच नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

२ फेब्रुवारी
पॅराशूटचा ब्रॅकेट. शेजाऱ्याचं म्हणणं, रेस संपल्यावर पॅराशूट उघडतं तेव्हा त्याचा सगळा हिसका थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, यायला हवा. म्हणजे मागचं सगळं खोलायचं, चासीला जाड प्लेट वेल्ड करायची, आठवडा घालवायचा. मला झटकन सुचलं. पंखाचे खांब उभे आहेतच! ब्रॅकेट त्यांनाच वेल्ड केला. एकाच आधारावर दोन कामं. हे यांना का सुचत नाही, देव जाणे.
चाचणी: ब्रॅकेटवर स्वतः उभा राहिलो. उड्या मारल्या. हलला नाही. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. शेजारी कुंपणापलीकडून म्हणाला, पॅराशूट खाली दाबणार नाही, मागे ओढणार आहे. काही लोकांना नुसता कीस काढायची हौस असते.

१० फेब्रुवारी
कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगात फेरी. मेहुणा म्हणाला, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. मी म्हटलं, मग स्टिअरिंग उजवीकडे धर. तो म्हणाला, बरं भाऊजी. उलट प्रश्न नाही, तोंड वाकडं नाही. असा ड्रायव्हर मिळायला नशीब लागतं.
पंख जरा थरथरत होता. वारा असणार.

११ फेब्रुवारी
वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली. घाण समजून पुसली. गेली नाही. रेघा येतातच. लाल रंग मारला. छान दिसतोय.

२१ फेब्रुवारी
रेघ रंगातून वर आली. आता बोटभर आहे. हल्ली रंगात काही राम उरला नाही. दोन हात दिले.
झोप नीट लागत नाही. रात्रीचं जेवण जड होत असणार. उद्यापासून हलकं जेवायचं.

१ मार्च
रंगाचा आणखी एक हात देताना बायको मागे येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, "खरं सांगा. हे त्याला धरून ठेवेल ना?"
मी म्हटलं, मी स्वतः उभा राहिलोय त्याच्यावर. तिने ब्रॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. तिला पटलं.
संकल्प: रेसच्या आधी शेजाऱ्याला एकदा दाखवायचं. सहज म्हणून. सल्ला म्हणून नव्हे.

६ मार्च
शेजाऱ्याकडे गेलो होतो. फाटकापर्यंत. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. कामाच्या माणसाचा वेळ खाऊ नये. परत आलो.

९ मार्च, सकाळ
रेसचा दिवस. तपासनीस फार कडक म्हणतात. त्याने मेहुण्याचं हेल्मेट पाहिलं, पट्टे ओढून पाहिले. मग मागे येऊन वाकला आणि विचारलं, "हे चासीपर्यंत गेलंय ना?"
हो म्हटलं. खोटं नाही. गाडीतली प्रत्येक गोष्ट शेवटी चासीपर्यंतच जाते. आमच्यामागे गाड्यांची रांग होती. त्याने शिक्का मारला. रंगाकडे निरखून पाहत होता, आवडला असावा.
मेहुणा गाडीत बसण्याआधी बहिणीच्या पाया पडला, मग माझ्या. मी त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं होतं. काय सांगायचं ते नेमकं आठवेना. जपून ये म्हटलं.

९ मार्च, संध्याकाळ
सुटला झकास. पंख जागेवर. रेषा पार केली तेव्हा आमचीच गाडी पुढे होती, हे नोंदवून ठेवतो.
मग पॅराशूट उघडलं. पूर्ण उघडलं. खांब, पंख, ब्रॅकेट आणि डिकीचं झाकण घेऊन ते रस्त्यावर बसलं. गाडी त्याच्याशिवाय पुढे गेली. मेहुण्याने ब्रेक दाबला असणार, कारण गाडी डावीकडे वळली. डावीकडे भिंत होती.
बायको माझ्या आधी पोहोचली. ती इतकी पळू शकते हे मला माहीत नव्हतं.

१० मार्च
जिवंत आहे.

१५ मार्च
तीन ठिकाणी मोडलेला पाय. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पूर्वीसारखा नाही. बायको हॉस्पिटलमध्येच असते. माझ्याशी बोलत नाही. दमली असणार.
रस्ता खडबडीत होता का, याची चौकशी करायला हवी.

३० मार्च, दुपार
मेहुण्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला. बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता. त्याने मला जवळ बसायला सांगितलं.
म्हणाला, "भाऊजी, मी रोज तेच आठवतोय. पॅराशूट मी उशिरा ओढलं का?"
स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.
मी म्हणालो, "थोडं उशिराच."
त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. तुमची एवढी मेहनत वाया घालवली म्हणाला, आणि माझा हात धरून माझी माफी मागितली.