चौथ्या पानावरची मोकळी जागा

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग चौकशी, मग भांडण. आपला लहानपणापासूनचा क्रम मोडत नाही.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. छापखान्यात सध्या साबणाच्या खोक्यांचं काम आहे. मालक परवा म्हणाला, "बाई, आता घरी बसा, आराम करा." मी म्हटलं, "बसते, पण तुमचं शुद्धलेखन कोण बघणार?"  गेल्या महिन्यात त्याने 'सुगंधी'चं 'सुंगधी' करून दहा हजार खोकी मशीनवर चढवली होती. माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

तुझी पडद्यांची ऑर्डर पुरी झाली का? त्या वकिलीणबाईंना रंग आवडला, की नेहमीसारखं "थोडा फिकट हवा होता" म्हणाल्या?

आता भांडण. काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिने सांगू नको म्हटलंय, तरी सांगते. तुझ्या शिलाई मशीनची मोटर बघायला ती दोन तास येऊन गेली ना, तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नाही. म्हणाली, "मावशी, आई सुईत दोरा एका झटक्यात ओवते, पण शेजारचं स्टूल तिला दिसत नाही. चहाचा कप बाजूला ठेवला तर चाचपून शोधते. डावा दंड काळानिळा झालाय. विचारलं तर म्हणते, दार मध्ये आलं."

ताई, दारं मध्ये येत नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठव. अडीच वर्षांपूर्वी, चष्म्याचा नंबर काढायला म्हणून मीच तुला घेऊन गेले होते. थोरल्यांचं मंडळ सोडून आपल्याला तेव्हा सहाच महिने झाले होते. त्या म्हणाल्या, काचबिंदू आहे. यात बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटी. म्हणून माणसाला वाटतं, आपलं सगळं ठीक आहे. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायची तर थेंब रोज दोन वेळा, जन्मभर. तू सात महिने घातलेस. मग मंडळातूनच बाहेर पडलेल्या त्या फोटोवाल्यांच्या स्टुडिओत रविवारी दुपारी बसायला लागलीस आणि बाटली कुठे गेली ते विचारायची सोय राहिली नाही.

मी त्या बैठकीला एकदाच आले. मनात म्हटलं, मंडळातून सुटलेली माणसं आहेत, एकमेकांना धरून बसली तर बरंच आहे. आपले गुरू, स्वतः थोरले, गुपचूप इस्पितळात जाऊन हृदयात दोन जाळ्या बसवून आले, हे कळल्यावर आपण सगळे बाहेर पडलो. जन्मभर लोकांना औषध सोडायला सांगणारा माणूस! आता तरी डोकी ताळ्यावर येतील असं मला वाटलं होतं. आणि तिथे फोटोवाले पडद्यासमोर उभं राहून सांगत होते, की इस्पितळातून परत आले ते थोरले नव्हतेच, आत माणूस बदलला. औषधाच्या खोक्यावर त्या काळ्या रेघा असतात ना, त्यात आपली नावं असतात. कोण जगणार, कोण नाही, ते आधीच ठरलेलं.

मी उठून म्हटलं, "अहो, त्या रेघा मी रोज माझ्या हाताने लावते. साबणाच्या खोक्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर, सगळीकडे. त्यात मालाचा नंबर असतो, दुसरं काही नाही."

तर ते किती मायेने हसले! म्हणाले, "ताई, तुम्हाला सगळं सांगत नाहीत ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तू पण.

मला राग आला नाही. दहा वर्षं मी तशाच माना डोलावल्या आहेत. पण ताई, तुझ्याशी वाद घालायला मला आता वेळ नाही, तुझ्या डोळ्यांनाही नाही. लेक म्हणेल त्या दिवशी तिच्याबरोबर जा.

भावोजींचा विषय काढणार नव्हते, काढत नाही.

तुझी,
चिमणी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

तू लिहितेस, "माणूस खोटा निघाला म्हणून वाक्य खोटं होत नाही. 'जो थेंब मोजून देतो, तो माणसंही मोजून ठेवतो.' ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला तो कागद मी अजून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवलाय. त्या वाक्यावर विश्वास ठेवून हे गेले. आता मी थेंब घालू लागले, तर हे कशासाठी गेले, ते तू मला सांग."

सांगते. तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही.

ते वाक्य थोरल्यांचं नाही. ते मी लिहिलं.

मंडळाचं पत्रक मी जुळवत होते, तुला ठाऊक आहे. प्रवचनाची टेप यायची, मी ऐकून उतरवायची, पानं लावायची. त्या महिन्यात चौथ्या पानावर नव्या सभागृहाचा फोटो यायचा होता, तो आला नाही. पान मशीनवर जायची वेळ झाली आणि खाली वीतभर जागा मोकळी. छापखान्याचा कारभारी म्हणाला, "थोरल्यांच्या बोलीत काहीतरी टाक आठ-दहा ओळी. तुला जमतं. कोण बघतंय?"

मला जमत होतं. वर्षानुवर्षं त्यांचा आवाज कानात होता. कुठे थांबतात, कुठे शब्द दोनदा फिरवतात, सगळं पाठ. सकाळी औषधाच्या दुकानातल्या माणसाने मला उगाच ताटकळत ठेवलं होतं, त्याचा राग मनात होता. मोजून औषध देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, अशा अर्थाचं पाच मिनिटांत लिहून झालं. आणि खरं सांगू? ते थेंबाचं वाक्य जमल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. चहा मागवला.

पुढच्या बैठकीत थोरल्यांनी ते वाक्य आपलं म्हणून म्हटलं. त्यांनी पत्रकात वाचलं असणार आणि वाटलं असणार, आपणच बोललो कधीतरी. हजारभर माणसं डोळे मिटून ऐकत होती. भावोजी तुझ्या शेजारी बसले होते. आणि मी मागच्या रांगेत ताठ बसले होते, ताई, ऊर भरून आला होता माझा. माझं वाक्य थोरल्यांच्या तोंडी!

एवढंच असतं तरी मी तुला केव्हाच सांगितलं असतं. म्हटलं असतं, मूर्ख होते, चुकले.

भावोजी जायच्या आधी पाच दिवस, मंगळवारी दुपारी, मी तुमच्याकडे आले होते. तू कुणाच्या तरी खिडक्यांची मापं घ्यायला गेली होतीस. तुला कधी सांगितलं नाही मी आल्याचं. ते पलंगावर बसले होते. सदरा अंगावर लोंबत होता. बोलताना मध्येच थांबून पाणी प्यायचे, पुन्हा तांब्याकडे हात जायचा. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास कशाचा, ते तेव्हा मला कळलं नाही. नंतर पुस्तकात वाचलं, साखर बेसुमार वाढली की येतो.

ते कसेबसे उठले, कपाट उघडलं, तो कागद दाखवला. म्हणाले, "चिमणे, इन्सुलिन सोडून महिना झाला. अंगात काही राहिलं नाही बघ. तू तिथे असतेस म्हणून विचारतो. हे थोरलेच म्हणालेत ना? की छापणाऱ्याने काही मागंपुढं केलंय? जन्मभर पाण्याची मीटरं वाचली मी. एक आकडा चुकला तर चाळीच्या चाळी भांडायला येतात. म्हणून विचारून घेतो."

मी म्हटलं, "हो भावोजी. त्यांचंच आहे."

"मग झालं," म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.

मी का म्हटलं तसं? सहा वर्षं विचार करते आहे. स्वतःला सांगत होते, की आता थोरले बोललेच आहेत, म्हणजे त्यांचंच झालं. भीती होती, खरं कळलं असतं तर मंडळाने मला दारात उभं केलं नसतं आणि मला दुसरं जग नव्हतं. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हात धजत नाही. मला ते वाक्य माझ्या तोंडाने खोटं पाडवलं नाही. इतकं ते मला आवडलं होतं.

पाच दिवस हातात होते. रिक्षा करून इस्पितळात नेलं असतं तरी वाचले असते. त्या माणसाने मला सरळ विचारलं होतं, ताई. सगळ्या मंडळात तो एकच माणूस होता ज्याने विचारलं.

तू विचारतेस, ते कशासाठी गेले. कशासाठीच नाही गं. वीतभर जागा भरायची होती, त्यासाठी. याहून मोठं कारण मला शोधूनही सापडत नाही.

मला काय म्हणायचं ते म्हण. पण त्या कागदासाठी डोळे घालवू नकोस. त्यामागे फक्त तुझी चिमणी होती, पेन हातात घेऊन शहाणपणा करणारी.

तुझी म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझी,
चिमणी


१४ सप्टेंबर

ताई,

सहा महिने झाले. तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. तुझी लेक मधूनमधून सांगते, तेवढंच.

तिने सांगितलं, की माझं पत्र तू रविवारी स्टुडिओत नेलंस आणि सगळ्यांसमोर उभी राहून वाचलंस. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. फोटोवाले म्हणाले, "हे तिच्याकडून लिहून घेतलंय. अक्षर बघा किती सरळ आहे." त्यावर तू म्हणालीस, "ती लहानपणापासून सरळच लिहिते. वाकडं वागते." हे ऐकून मी हसले, आणि मग बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले.

त्या बैठकीतले निवृत्त मास्तर मध्येच उठून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आले म्हणे. बाकीचे अजून बसतात. फोटोवाल्यांनी आता त्यांना सांगितलंय, की मी पहिल्यापासून डॉक्टरांची माणूस होते. बसू देत. मास्तर तरी सुटले.

तू त्यानंतर तिथे गेली नाहीस. आठ दिवसांनी लेकीला फोन करून "मला ने" म्हणालीस. डाव्या डोळ्यात आता काही उरलं नाही, हेही कळलं. उजव्यात नळीतून बघावं तेवढं आहे, आणि ते राहील, थेंब चालू ठेवले तर.

तुझा निरोपही पोचला. लेकीने जसाच्या तसा सांगितला, एक शब्द मऊ केला नाही. बापावर गेलीय पोर. "थेंब घेते आहे म्हणून सांग. माफ केलं असं सांगू नकोस. आणि येऊ नको म्हण."

आले नाही. म्हणजे घरी आले नाही.

ताई, गेल्या गुरुवारी मी दवाखान्यात आले होते. तारीख लेकीकडून बोलता बोलता काढून घेतली, तिला संशय आला नाही, तिच्यावर रागावू नकोस. तुम्ही दोघी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसला होतात. मी तुझ्या डाव्या हाताला दोन खुर्च्या सोडून बसले. त्या बाजूला तुला दिसत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच तिथे बसले. लेक तुझ्या उजवीकडे होती, तिचं लक्ष हातातल्या केसपेपरांत होतं. चाळीस मिनिटं मी तुझ्याकडे बघत होते. केस फार पांढरे झालेत गं तुझे. ब्लाउजचं एक हूक उलटं लावलं होतंस. तू, जी दुसऱ्यांच्या कॉलरी नीट करत फिरायचीस.

हे मी तुला कळू न देता राहिले असते. पण मग पुन्हा तेच झालं असतं, म्हणून लिहिते.

आणि मी ऐकलंही. लेकीला तू हळूच म्हणालीस, "तुझे बाबा इन्सुलिनची सुई सोडायला तयार नव्हते. मीच मागे लागले होते. म्हटलं, सगळे करतात, तुम्हालाच कसली एवढी शंका. तेव्हा कुठे सोडली."  लेकीने तुझा हात धरला, एवढं मी पाहिलं. मग तुमचं नाव पुकारलं आणि तुम्ही आत गेलात. मी जिना उतरून निघून आले.

ते माझ्यासाठी नव्हतं. चोरून ऐकलं. पण आता ऐकलंय, तर गप्प राहणार नाही. एकदा गप्प राहून काय झालं ते आपण दोघी जाणतो. तू मागे लागलीस, कारण तुला ते खरं वाटत होतं. मला मात्र ते कुठून आलं हे ठाऊक होतं. एवढा फरक आपल्यात आहे आणि तो लहान नाही. सहा वर्षं तू तो कागद कपाटात जपलास तो त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, ते मी विचारणार नाही. पण रात्रंदिवस जे उरावर घेऊन बसली आहेस, त्यातला माझा वाटा तरी मला दे. मोठा वाटा माझा आहे.

सकाळचे थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बस, लगेच मशीनवर बसू नकोस. आणि कात्री मेजाच्या उजव्या बाजूला ठेवत जा.

उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होते. पण आता खोटं लिहवत नाही.

बघते आहे.

चिमणी