सुमनच्या कानातली टिकटिक

वांकिडी, मंगळवार, १९९६

दोन वर्सं माही बायको सुमन सांगून राह्यली होती, कानात टिकटिक होते. मी घडीसाज, घड्या दुरुस्त करतो. म्हटलं, "घरात घड्याच घड्या, तुले भास होते." भिंतीवरची घडी बंद करून टाकली. तरी तिची टिकटिक चालूच.

मागच्या हप्त्यात नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या कानाला नळी लावली. "मलाही ऐकू येतंय," म्हणाला. तोंडातल्या टाळूचा स्नायू आपोआप उडते, त्याचाच आवाज कानात येते म्हणे. स्नायू ढिला पाडाले टाळूतच विषाचं बारीक इंजेक्शन दिलं. तीन-चार महिने पुरंल.

टाळू ढिली पडल्यानं आज पाणी पिताना नाकातून आलं, तरी हसली. "ऐकलं का जी, थांबलं!"

दिवसभर लोकांच्या घड्या कानाला लावतो मी. बायकोच्या कानाला कान लावाचं काऊन सुचलं नाही? आज लावला. ऐकाले काहीच नव्हतं.