अप्पा काचेच्या खोलीत अडकले त्या सकाळची हकिगत

ती. रेखाताईंना,

लीड्सहून आसावरीचा, दोन्ही तळहातांना पट्ट्या असल्यामुळे जरा वाकड्या अक्षरातला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींची शुगर? इकडे आम्ही तिघंही धडधाकट आहोत. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचता वाचता तुम्ही फोन लावाल, आणि तुमचे वडील आत्ता दुपारचे झोपलेत.

वरदने फॅमिली ग्रुपवर 'कन्झर्व्हेटरीचं थोडं डॅमेज, बाकी ऑल फाइन' असं टाकलेलं तुम्ही वाचलं असेलच. (वरद तेव्हा हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. त्याला 'थोडं' म्हणायला काय जातंय?) कन्झर्व्हेटरी म्हणजे आमच्या किचनच्या मागची काचेची खोली. तुम्ही आला होतात तेव्हा लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला गेलात आणि आठवडाभर ऊनच आलं नाही, तीच. अप्पा ऑक्टोबरात आल्यापासून ती त्यांची झाली होती. ट्रेमध्ये मेथी पेरून ते दिवसभर तिच्याशेजारी बसत. मी 'अप्पा, जेवायला' म्हणायचं, त्यांनी 'आलो' म्हणायचं, यापलीकडे आमचं संभाषण साडेतीन महिन्यांत गेलं नव्हतं.

तर मंगळवारी बर्फ सुरू झाला तो गुरुवारी पहाटे थांबला. आमचं गाव टेकडीवर, त्यामुळे लीड्समध्ये वीतभर पडला की आमच्याकडे हातभर. वरद बुधवारपासून हॉस्पिटलातच अडकलेला. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी चहा गाळत होते आणि डोक्यावरून कोणीतरी लोखंडी कपाट ओढत नेल्यासारखा आवाज झाला. मग एक दणका. घर हादरलं. घराच्या वरच्या छपरावरचा निम्मा बर्फ घसरून काचेच्या खोलीच्या छपरावर कोसळला होता. उरलेला निम्मा वर कौलांच्या कडेला लोंबत होता. आणि मधे, खाली, अप्पा.

मी धावले. किचनमधलं सरकतं दार हलेना. वरची तुळई ओझ्याने वाकून दारावरच बसली होती. बागेकडचं दार बाहेर उघडणारं, त्याला कमरेएवढा ढीग टेकलेला. अप्पा आत उभे, स्वेटरवर मेथीची माती, एवढंच. मी ओरडत होते, पण त्यांचं कानातलं मशीन बाथरूमच्या फडताळात. मी इमर्जन्सीचा ९९९ फिरवला. बाई शांतपणे म्हणाली, चढावरचा रस्ता बंद आहे, तासभर तरी लागेल, तुम्ही छपरावर चढू नका. तेवढ्यात वरून कर्र असा आवाज आला. मी वरवंटा उचलला. (तोच, तुम्ही बॅगेत घालून दिलेला, ज्यावरून एअरपोर्टला माझी झडती झाली होती.) काच फोडणार तोच अप्पांनी दोन्ही हात वर केले आणि वाफ धरलेल्या काचेवर बोटाने लिहिलं, माझ्या बाजूने उलटं, पण लावता आलं: 'फोडू नको.' आणि खाली: 'भार आधी.'

ताई, तुमचे वडील इरिगेशनमध्ये एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते हे मला लग्नाच्या पत्रिकेपासून माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं. तुळई त्या दाराच्या चौकटीवर तोललेली होती, मी काच फोडली असती तर सगळंच बसलं असतं, हे त्यांना आतून दिसत होतं.

मी वरदचे बूट घालून मागे गेले. शेजारच्या ब्रेंडाबाई कुंपणापाशीच उभ्या. वय बहात्तर, अंगात ड्रेसिंग गाऊन, हातात कॅरॅव्हॅन धुवायचा लांब दांड्याचा ब्रश. "शिडी लावलीस तर मीच तुला खाली ओढीन," त्या म्हणाल्या. "भिंतीपासून लांब, इथून ओढायचं." एक ब्रश, एक आमचा झाडू, पडद्याच्या दांडीला सेलोटेपने बांधलेला. मी डावीकडून छपरावरचा बर्फ सपासप ओढायला लागले. तसे अप्पा काचेवर थापा मारायला लागले. त्यांनी लिहिलं, पण एवढी उलटी अक्षरं बाहेरून मला लागेनात. पुसलं, आणि सावकाश, पाटीवर गिरवल्यासारखं, उलटं लिहिलं: 'एकदा डावं, एकदा उजवं.' म्हणजे एकीकडचं ओझं उतरलं की दुसरी बाजू बसेल. मग तसंच केलं. मी एक पट्टा, ब्रेंडाबाई एक पट्टा. दर पट्ट्याला वरून कर्र. ब्रेंडाबाई मोजत होत्या, मी कसलं तरी स्तोत्र म्हणत होते (ते स्तोत्र नव्हतं, तेराचा पाढा होता, हे मागाहून लक्षात आलं). हातमोजे विसरलेले. तळहात सोलले तेही कळलं नाही. डोळे फक्त वरच्या कडेवर. ती आता बोटभर पुढे आली होती.

बाराव्या पट्ट्याला तुळईने अंग सैल केलं. अप्पांनी दाराकडे बोट दाखवलं. मी वळसा घालून किचनमध्ये आले आणि दाराला लोंबकळले. वीतभर फट झाली. आणि त्या फटीतून बाहेर काय यावं? मेथीचा ट्रे.

मी तो घेतला. ते वळून दुसरा आणायला निघाले.

"अप्पा! मुकाट्याने बाहेर या! आत्ताच्या आत्ता!" मशीन नसूनही ऐकू गेलं. माझ्या माहेरच्या सात पिढ्यांत सासऱ्यावर असं कोणी ओरडलं नसेल. ते आडवे होऊन फटीत शिरले, मी स्वेटर धरून खेचलं, आम्ही दोघं ट्रेसकट फरशीवर. चहा पुन्हा गॅसवर ठेवला, तो उकळायच्या आत वरचा निम्मा आला. खोलीचं छप्पर, वेताची खुर्ची, राहिलेली मेथी, सगळं एका आवाजात गेलं.

मग अप्पांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, डेटॉल आणलं. "आत असताना मी घाबरलो नव्हतो," ते म्हणाले. "पण तू ओरडलीस तेव्हा घाबरलो." आणि हसायला लागले. मला रडू आलं. मागोमाग आत आलेल्या ब्रेंडाबाई मधे उभ्या, त्यांना कोणाला थोपटावं कळेना.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
आसावरी

ता. क. अप्पा तुम्हाला फोनवर सांगतील की बारा नव्हे, चौदा पट्टे होते. वाद घालू नका.

ता. क. २. या पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. दिवाळीत मी तुम्हाला म्हटलं होतं ना, की इथली थंडी अप्पांना मानवत नाही, काहीतरी निमित्त काढून फेब्रुवारीतच बोलावून घ्या? थंडी त्यांना उत्तम मानवते. मला ते मानवत नव्हते. व्हिसा एप्रिलपर्यंत आहे. तिकीट बदललं असेल तर कृपा करून परत एप्रिलचं करा. वरदला यातलं काही ठाऊक नाही. अप्पांना मात्र पहिल्यापासून ठाऊक असावं. काल त्यांनी नवी मेथी पेरली आणि मला विचारलं, "ही खुडायला मी आहे ना गं?"