अर्मांतीनच्या पायांकडे बघ

लाडक्या क्लेमाँ,

थोरल्या भावाचे तुला आणि पोराबाळांना पोटभर आशीर्वाद. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं, काळजी नको. एका डोळ्यावर पट्टी आहे, दुसऱ्याने लिहितोय, म्हणून ओळी चढ-उतार करताहेत. इथलं, ग्वाडेलूप बेटावरच्या इस्पितळातलं, जेवण बरं आहे. आपली शेळी व्याली का?

हात मात्र स्वस्थ बसत नाहीत. काल जेवणाच्या ताटावरच ठेका धरला, तर शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा ओरडले, "अहो, मी इथे बरा व्हायला आलोय की नाचायला?"

शनिवारच्या बेले नाचाच्या स्पर्धेत माझा ढोल तू वाजवणार, हे अर्मांतीनने फोनवर सांगितलं. म्हणाली, "तुमच्या भावाचा हात गोड आहे हो, पण मेला माझ्याकडे बघतच नाही. स्वतःच्या हातांवरच भाळलाय!" तेव्हापासून जिवाला चैन नाही. अरे, बेलेत नाचणारी पायाने सांगते आणि ढोल नुसता होकार देतो. तिची टाच पडली की तुझी थाप पडायला हवी, आधी नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. गेलं वर्षभर मला तिचे पाय दिसतच नव्हते. मी अंदाजाने वाजवायचो आणि ती माझ्या थापेवर पाय टाकायची. लोक माझं कौतुक करायचे, ती नुसती हसायची.

क्लेमाँ, यंदा तरी तिला तिच्या मनासारखं नाचू दे.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीने कासावीस,
तुझा दादा इग्नेशस